कागेतादांचा चेहरा

भिक्षू सोगेनने कागदावर तीन नाकं काढली आणि कागद मियोपुढे सरकवला. यांतलं धन्यांचं कुठलं, ते तिनं सांगायचं होतं.

तिचे यजमान, सामुराई कागेतादा, लढाईत पडले त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला मठात त्यांचं चित्र टांगायचं ठरलं होतं. शिपायांना विचारावं, तर ते म्हणाले, आमची कपाळं कायम चटईला टेकलेली, बाईसाहेबांना विचारा. बायकोला ठाऊक असणारच, यात कुणाला शंका नव्हती.

मियो एकेका नाकाकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांचा संसार, त्यातला निम्मा लढायांनी खाल्ला. उरलेल्या दिवसांत ते समोर आले की ही मान खाली घालायची, आणि रात्री दिवा मालवलेला असायचा. त्यांची पावलं मात्र तिला पाठ होती. डाव्या अंगठ्याचं नख चिरलेलं होतं, हेसुद्धा. चेहरा आठवू गेलं की नुसता अंधार. नवऱ्याचा चेहरा ठाऊक नाही, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

"पावलं काढणार ना?" तिनं विचारलं.

"दरबारी पोशाख पायघोळ असतो, बाईसाहेब. पावलं झाकली जातात."

तिनं मधल्या नाकावर बोट ठेवलं. मग भुवया, कानाच्या पाळ्या, हनुवटी, सगळं धडाधड सांगत गेली. ते सगळं तिच्या वडिलांचं होतं.

श्राद्धाच्या दिवशी चित्र उघडलं, तेव्हा म्हातारे शिपाई ढसाढसा रडले. हुबेहूब आमचे धनी, म्हणाले. मियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळी जेवायला उठल्यावर ताने आत आली. नदीपलीकडे राहणारी ताने कागेतादांची कोण, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तोंडावर कुणी बोलत नसे. ती चित्रापुढे बसली आणि मान वर करून बघत राहिली. सकाळपासून इतका वेळ त्या चेहऱ्याकडे कुणीच बघितलं नव्हतं. आता ही बाहेर जाऊन सगळ्यांना सांगणार, अशी मियोला धास्ती पडली.

तानेनं चित्रावरची नजर काढून मियोकडे पाहिलं.

"धनीच आहेत, बाईसाहेब," ती हळूच म्हणाली. "फक्त, हसले की खळी पडायची. ती चित्रात कशी यायची?"

ते हसायचे, हे मियोला आज कळत होतं. मग मान खाली घालूनच तिनं विचारलं,

"कुठल्या गालावर?"