चार नंबरची यादी

"सर, कात्री आणि डिंक घेऊन याद्या करायला तुम्हाला मनापासून आवडतं का?"

विचारून झालं तरी वकील उभीच राहिली. मागच्या बाकावर मैत्रिणींनी तोंडात रुमाल कोंबले. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं मधल्या सुट्टीत त्यांनीच तिला डिवचलं होतं. गेल्या वर्षापर्यंत जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती या वर्षी कुणालाच बोलू देईना, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं होतं. तिला ते मनातून फार आवडायचं.

संगणकाच्या सरांसमोर शाळेच्या बसने जाणाऱ्या मुलांची यादी पडली होती. दोनशे बारा ओळी, पहिलीपासून दहावीपर्यंत एकाखाली एक. सर त्या यादीच्या पट्ट्या कापून पाच बसच्या पाच कागदांवर चिकटवत होते.

"अजिबात नाही आवडत," सर म्हणाले. "गेल्या महिन्यात प्रोग्रॅम लिहायला शिकवलंय ना मी? मग तूच करून आण, वकीलबाई."

वर्ग हसला. तीही हसली, आणि त्या रात्री जेवताना तिने आईबाबांना सांगून टाकलं की शाळा आता तिच्याशिवाय चालत नाही.

काम तिला डब्यांसारखं दिसत होतं. मोठा डबा बसचा, त्यात छोटे डबे थांब्यांचे, थांब्याच्या डब्यात मुलं. यादीतली एक ओळ उचलायची, आतापर्यंत जमलेल्या डब्यांसोबत फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकच ठरलेलं काम करणाऱ्या तुकड्याला, द्यायची. ते एक ओळ जास्त असलेले नवे डबे परत देतं. मग पुढची ओळ. जुन्या यादीला हात लावायचा नाही, ती होती तशीच राहते, हा सरांचा लाडका नियम. प्रत्येक मुलाला आत ठेवायला एक वेगळी खूण लागते. नाव ठेवलं तर दोन मुलांचं नाव सारखं निघू शकतं, हे तिला आपणहून सुचलं आणि तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिने खूण म्हणून पालकांचा मोबाइल नंबर घेतला. प्रत्येक बसच्या कागदाखाली एकूण मुलं किती, हेही छापलं. ती कल्पनाही तिचीच.

गुरुवारी दुपारी पाच नवे करकरीत कागद पाच बसच्या मावश्यांच्या हाती गेले. साडेचारला बस सुटल्या. वकील स्वतः कधी बसने गेली नव्हती. तिचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होतं. ती संगणकाच्या खोलीत थांबली होती. उद्या प्रार्थनेनंतर मोठ्या बाई तिचं कौतुक करणार होत्या, आणि त्यासाठी तिला पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं: दोनशे बारा मुलं, एका सेकंदात. आकडा हाताने कशाला लिहायचा, म्हणून तिने डब्यांतली मुलं मोजायला लावली.

दोनशे सहा.

तिने पुन्हा मोजलं. मग जुन्या यादीतल्या ओळी मोजल्या. त्या दोनशे बाराच होत्या.

जुन्या यादीत आहेत आणि डब्यांत नाहीत, अशी नावं काढायला तिला दोन ओळी पुरल्या. सहा नावं. सगळी पहिली-दुसरीतली. तिने त्यांचे फोन नंबर पाहिले आणि मग तेच नंबर वरच्या वर्गांत सापडले. ताई, दादा, ताई. एकाच घरचा एकच नंबर. मागून आलेलं मोठं भावंड धाकट्याच्या जागी बसलं होतं आणि धाकटं गुपचूप नाहीसं झालं होतं. कुठेही लाल अक्षर नाही, सूचना नाही. खालची बेरीज त्याच डब्यांतून काढलेली, म्हणून तीही बिनतक्रार जुळलेली.

"सर," तिने हाक मारली. आवाज गेल्या वर्षीचा निघाला.

सरांनी पडद्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि एकेका बसच्या मावशीला लावला. एक नंबरचा धाकटा दादाचा हात धरून चढला होता. मावशींनी पेनने नाव लिहिलं होतं. दोन, तीन आणि पाच नंबरमधली चारही पोरं अशीच बसली होती. चार नंबरच्या मावशींनी सांगितलं, त्या घरातली मोठी आज तापाने आलीच नाही, तेवढी एक गैरहजर, बाकी यादी तंतोतंत.

"आणि धाकटा?" सरांनी विचारलं.



"एक पोरगं होतं खरं," मावशी म्हणाल्या. "नाव नव्हतं त्याचं. जरा बाजूला उभा राहा म्हटलं, सरांना विचारते. मग बेरीज जुळली, आणि..."

पुढचं ऐकायला वकील थांबली नाही. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत ती मैदानात आली. बस उभ्या राहायच्या तिथे चुन्याने मारलेला चारचा आकडा होता. त्याच्यावर कुणी नव्हतं. फाटकाबाहेर रस्ता भरून वाहत होता, ट्रक, दुचाक्या, पुन्हा ट्रक. फाटकावरच्या काकांना तिने विचारलं, तर ते विचार करत म्हणाले, एक बारकं पोर दप्तर घेऊन बाहेर जाताना पाहिल्यासारखं वाटतंय, कुणाबरोबर ते काही लक्ष नाही दिलं.

ती रस्त्याच्या कडेने कोपऱ्यापर्यंत पळत गेली. दुकानदाराला विचारलं. रिक्षावाल्याला विचारलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला त्याचा चेहराच माहीत नाही. तिला त्याची बस माहीत होती, थांबा माहीत होता, फोन नंबर पाठ होता. पोरगा कसा दिसतो ते ठाऊक नव्हतं.

ती परत आली तेव्हा सर मागचं मैदान धुंडाळत होते. तळमजल्यावरच्या खोल्यांना एव्हाना कुलपं लागली होती. ती एकेका खिडकीशी टाचा उंचावून आत पाहत निघाली. पालथी बाकं, पुसलेले फळे. पहिलीच्या वर्गात सगळी बाकं पालथी होती, एक सोडून.

फाटकावरच्या काकांनी कुलूप काढलं; लावताना आत कुणी डोकावलं नव्हतं. पोरगं बाकावर उभं होतं. बुटांची नाडी सुटलेली, दप्तर पाठीवर तसंच. भिंतीवर वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसांचा तक्ता होता आणि त्याचं बोट एका ओळीवर घट्ट टेकलेलं होतं.

"इथे आहे," तो म्हणाला. "बघ. इथे आहे माझं नाव."

गालांवर ओघळ वाळले होते. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"बसच्या यादीत नाही," तो म्हणाला. "मला शाळेतून काढलं का?"

"नाही रे."

"मग उद्या असेल?"

"असेल."

"मला ती सगळी यादी वाचता येत नाही," तो म्हणाला. "तू वाचून दाखवशील?"

काकांनी दारातूनच शहाणपणाचा सल्ला दिला. घरी फोन कर आणि सांग, पोराची बस चुकली. झालं गेलं गंगेला मिळालं, उगाच कशाला कुणाच्या डोक्याला ताप? मागून धापा टाकत सर आले. ते खाली बसून पोराच्या बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांनी खिशातला फोन काढून तिच्यापुढे धरला. वर मात्र पाहिलं नाही.

नंबर शोधावा लागला नाही. पलीकडे एका बाईंनी घाईघाईने हॅलो म्हटलं; त्या थांब्यावरूनच बोलत होत्या.

"काकू, तो शाळेत आहे, बरा आहे," ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले. "बस नाही चुकली त्याची. यादीत त्याचं नाव नव्हतं. यादी मी केली होती."

काकू काय बोलल्या, ते तिने घरी सांगितलं नाही. आई पोळपाट धुऊन ठेवत होती, बाबा चार्जर शोधत होते आणि वकील आज इतकी गप्प कशी, म्हणून दोघं एकमेकांना खुणावत होते. तिने बाकीचं सगळं सांगितलं, डब्यांपासून तक्त्यापर्यंत. बाबांनी नेमकं तेच विचारलं, जे ते विचारणार हे तिला माहीत होतं.

"पण आता दुरुस्त केलंस ना?"

"केलं. खुणेला वर्ग आणि हजेरी क्रमांक जोडला. दोनशे बारा येतात."

"मग संपलं की," आई म्हणाली. "उद्या मोठ्या बाई कौतुक करणार आहेत ना तुझं?"

"नाही करणार. सरांना सांगितलंय मी, नको म्हणून."

ती उठली. ताट उचलून मोरीत ठेवलं, नळ सोडला, बंद केला. मग वळून दोघांसमोर ताठ उभी राहिली, वर्गात प्रश्न विचारताना राहायची तशी.

"उद्यापासून मी चार नंबरच्या बसने जाणार आहे."

बाबा हसले. "अगं, ती बस आपल्याकडे येत नाही. आपलं घर भिंतीपलीकडे आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "शेवटच्या थांब्यापर्यंत जाईन आणि तिथून चालत परत येईन. सुटायच्या आधी यादी मीच वाचणार आहे. मोठ्याने, आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून."