शंभर मीटरवरचं नाव

इजिप्तमधल्या दहबच्या किनाऱ्यावर एक रीत होती. कुणी खोल बुडीचा विक्रम करायला निघाला, की रबीअच्या चहाच्या टपरीवर कागद लागायचा. समुद्रात सोडलेल्या दोरावर कोणत्या खोलीला कोण हवेच्या टाक्या घेऊन थांबणार, त्यांची नावं त्यावर. सगळ्यांत खाली, शंभर मीटरवर थांबणाऱ्यानं आधी नाव घालायचं. ते पडल्याशिवाय वरचा कुणी पेनाला हात लावत नसे. आणि कागद भरल्याशिवाय बुडी नाही.

त्या दुपारी सुवेलिम टपरीवर आला तर कागद भरलेला. सातही नावं होती. तळाशी त्याचंच नाव, पण अक्षर महरूसचं.

महरूस बावन्न वर्षांचा, आणि त्याला साडेतीनशे मीटर गाठायचे होते. वीस वर्षं दोघं एकत्र पाण्यात उतरत, एका ताटात जेवत. बायको सुएझला निघून गेल्यापासून महरूसला दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर, बायको वारल्यापासून सुवेलिमलाही नव्हतं.

"मला विचारलंस का?"

"तुला काय विचारायचं, सुवेलिम? तू थोडाच नाही म्हणणार!" महरूस हसला. "बस, चहा घे."

"या महिन्यात दोनदा वर आल्यावर तुझा हात बधिर पडला. पेला धरता येत नव्हता तुला."

"म्हातारीसारखा किरकिरायला लागलास बघ!" टपरीवरचे सगळे खदखदा हसले.

"तिथून थांबत थांबत वर यायला चौदा तास लागतात, महरूस, घाई केली की माणूस संपतो. त्या नॉर्वेवाल्याचं प्रेत आपणच बाहेर काढलं ना? त्याच्या तोंडावरचा मास्क तूच उतरवलास."

हसणं बंद झालं. महरूस जवळ सरकून हळूच म्हणाला, "विक्रमाच्या दिवशी चाळीस माणसं असतात रे माझ्याभोवती. एरवी घरात कोण असतं?"

  सुवेलिमनं पेन उचललं आणि आपलं नाव खोडलं.

टपरीवाला रबीअही टाक्या घेऊन उतरायचा; त्यानं पेन मागून घेतलं, स्वतःचं नाव खोडलं. मग यादीतल्या नजलानं. बघता बघता सातही नावं गेली. ही बुडी मनातून कुणालाच नको होती, पण वाईटपणा आधी कुणी घ्यायचा? तो सुवेलिमच्या पदरात पडला.

"आजपासून तू माझा कुणी नाहीस," महरूस म्हणाला आणि उठून गेला.

त्यानं दुसऱ्या किनाऱ्यांवर, शर्मला, हुरघाडाला खेटे घातले. जिथं जाईल तिथं एकच प्रश्न: "सुवेलिम का नाही सोबत?" कुणी टाक्या भरून दिल्या नाहीत.

याला दोन वर्षं झाली. सुवेलिमचे आभार कुणी मानले नाहीत. जे घडलंच नाही, त्याचे आभार कसले मानणार? तो एकटा जेवतो, एकटाच पाण्यात उतरतो. महरूसची आठवण त्याला रोज येते. दर शुक्रवारी नमाजानंतर मासळी-भाताचा डबा घेऊन तो महरूसचं दार वाजवतो. दार उघडत नाही.

परवा शेजारीण उम्म हानी वैतागली. "कशाला पाय झिजवतोस रे बाबा? तो नाही उघडायचा."

"आत आहे ना?"

"आहे की. तुझी चाहूल लागली की शिव्या सुरू."

"आजही दिल्या?"

"आज तर तुझ्या बापालाही सोडलं नाही."

सुवेलिमनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि दाराला कान लावला. आत महरूसच्या शिव्या अजून चालू होत्या, आवाज चांगला खणखणीत होता. तो थांबेपर्यंत सुवेलिम तिथंच उभा राहिला.