मूळ नक्षत्राचं रक्त

त्या रविवारी शिंदखेड्याच्या मारुती मंदिराच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. रुपचंद महाराज लग्नाच्या पोरींच्या पत्रिका तपासत होते. हातानं पत्रिकेवर हळद चोळायची, वर ‘नक्षत्रतीर्थ’ शिंपडायचं. कागद पिवळा राहिला तर पोर शुभ. लाल झाला तर पोर मूळ नक्षत्राची, सासऱ्याच्या जिवावर उठणारी.

“सत्तावीस नक्षत्रं आपल्या गडव्यात पाणी भरतात,” महाराज म्हणाले.

दिपमालाची पत्रिका लालभडक झाली. तिच्याशी लग्न जुळत आलेल्या मुलाची आई भिकुबाई कपाळ धरून बसली. “पोर मूळवर शे. मन्हा मालकले खाई टाकी.”

दिपमालाची आत्या नूतन महाराजांच्या मागे उभी राहून त्यांचे हात निरखत होती. अकरा वर्षांपूर्वी याच माणसानं तिची पत्रिका लाल केली, आणि सुकदेव आबांनी आपल्या मुलाशी ठरलेलं तिचं लग्न मोडलं. भाऊबंदांत ती ‘सासराखाऊ’ झाली. पुढे भुसावळच्या शाळेत विज्ञान शिकवताना सोड्याच्या पाण्यात हळदीचा कागद लाल झाला, तेव्हा तिला सगळं उलगडलं. तेव्हापासून ती या दिवसाची वाट बघत होती.

ती पुढे आली. “पंचांग बघितलंय मी. हिच्या जन्मवेळी चंद्र रोहिणीत होता. मूळ पार दुसऱ्या टोकाला.”

“पंचांग चुकेल, तीर्थ नाही.”

नूतननं आसनामागे दडवलेला दुसरा गडवा उचलला आणि महाराजांच्या हळदीच्या हातांवर ओतला. दोन्ही तळवे लाल झाले.

“तुम्हीही मूळावरचे का?” तिनं विचारलं. मग लोकांकडे वळली. “पुढच्या गडव्यात साधं पाणी. ज्याला भेडसावून दक्षिणेसाठी मूळशांती करायला लावायची, त्याच्यासाठी हा मागचा, धुण्याच्या सोड्याचा.” तिनं पूजेच्या ताटातलं लिंबू एका तळव्यावर पिळलं. तळवा पुन्हा पिवळा. “झाली शांती.”

गर्दीतून सुकदेव आबा उठले. “पोरी, चूक व्हयनी मन्ही.”

“मी तुम्हाला खाल्लं नाही, आबा. तुम्ही मला खाल्लं. माफी नको. ठाण्यात चला आणि याच्या शब्दावर लग्न मोडलं असं लिहून द्या.”

सगळ्या गावादेखत आबा तिच्यामागून गेले. ठाण्यात त्यांनी लिहून सही केली. तिला दया आली नाही.

मूळ म्हणजे आकाशातल्या विंचवाच्या शेपटीतल्या तारका. दिवस मोजायला पूर्वजांनी चंद्राच्या वाटेवर केलेली एक खूण. त्या खुणेला कुणाचा सासरा ठाऊक नाही. उद्या कुणी तुमच्या पोरीची पत्रिका लाल करून दाखवली, तर पोरीकडे बघू नका. गडव्यात काय आहे ते विचारा.