बिनवासाचे कंद

आमच्या जिन्सीताईच्या नाकाचा तोरा सगळ्या चर्चला ठाऊक होता. मार्चमध्ये आम्ही चेरोकी जमातीच्या बायका ओढ्याकाठी रानकांदे काढायला जायचो, तेव्हा प्रत्येकीची टोपली आधी तिच्यापुढे. तिथेच एक विषारी कंद उगवतो. पात तशीच, कंद तसाच, फक्त त्याला कांद्याचा वास नसतो. पण कांदा हाताळलेल्या बोटांनी तो उचलला की तोही कांदाच वाटतो. म्हणून ताई दर मुठीनंतर हात ओढ्यात धुवायची. मला म्हणायची, "लोरीन, तुझं नाक देवानं नुसतं चष्मा अडकवायला दिलंय!"

तिच्या घरामागे आईनं लावलेला रानकांद्यांचा वाफा होता. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी चर्चच्या दरसालच्या रानकांद्यांच्या जेवणाला पहिली टोपली त्याच वाफ्यातली.

यंदा जेवणाच्या आदल्या दिवशी मी चर्चच्या स्वयंपाकघरात उशिरा पोचले. सगळ्याजणी कांदे निवडत होत्या. माझे हात अजून कोरडे, स्वच्छ. ताईच्या टोपलीतला एक कंद चिरून हुंगला, तर वास नाही. दुसऱ्याला होता. तिसऱ्याला पुन्हा नाही.

"ताई, हा बघ जरा."

तिनं नाकाशी नेला. "कांदाच आहे. नखरे करू नकोस."

पदार्थात घालायला व्हॅनिलाची बाटली उघडलेलीच होती, ती फडक्यात गुंडाळून तिच्या नाकाखाली धरली. "हे काय आहे, सांग."

ताई मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.

"मागच्या वर्षीच्या हिवाळ्यातल्या तापात गेला वास," ती म्हणाली. "वाटलं, येईल परत. गेल्या मार्चात नशिबानं निभावलं."

"आणि तू गप्प बसलीस? माणसं मेली असती गं!"

"नाक गेलं म्हटल्यावर मला कोण विचारणार होतं, लोरीन?" आणि मग हळूच, "आईच्या वाफ्यातही नवे कंद लावलेत मी. पानगळीत ओढ्यावरून आणून. दाट व्हावा म्हणून."

त्या दिवशी निवडलेले सगळे कांदे आम्ही फेकले. संध्याकाळच्या आत आईचा वाफा तरी वाचवू म्हणून मी बादलीभर पाणी घेऊन बसले. एक कंद उपटायचा, हुंगायचा, हात धुवायचे. चाळीसेक झाले आणि माझं नाकच बसलं. सगळ्यालाच कांद्याचा वास यायला लागला.

"ताई, मला आता कळत नाहीये गं."

तिनं ढिगातला एक कंद उचलला आणि सरळ तोंडात टाकला. मी तिचा जबडा धरून बोटं घातली, तो बाहेर काढला. थोरल्या बहिणीवर जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हा ओरडले. "मरायचंय का तुला?"

"आईनं लावलेला होता तो," ती म्हणाली. "मला वाटलं, चवीला तरी कळेल." आणि पोरीसारखी रडायला लागली. मीही रडले. मग तिनंच फावडं घेतलं आणि एका टोकापासून सगळा वाफा उलथून टाकला. एकही कंद ठेवला नाही. लोखंडी पिंपात घालून आम्ही ते जाळले.

शनिवारी जेवणाला दोन-दोन तासांच्या अंतरावरून माणसं आली. ताटात नुसती अंडी, घेवडा आणि तळलेली भाकरी. मी थाप तयार ठेवली होती, की हरणांनी कांदे खाल्ले. कुणीतरी विचारलंच, "जिन्सी, यंदा कांदे कुठायत?"

मी तोंड उघडायच्या आत ताई उभी राहिली. "मला वास येत नाही. सव्वा वर्ष झालं. मी विषारी कंद निवडून दिले होते. माझ्या हातचं आता घेऊ नका."

कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. म्हाताऱ्या व्हेल्डामावशीनं तिच्यापुढे ताट सरकवलं, एवढंच. ताई माझ्याशेजारी बसली. एक घास खाल्ला, थोडी थांबली.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली. "तेवढं कळतं मला."

"हो गं," मी म्हटलं. "झालंय जास्त."