आनंदीच्या हातावरच्या खुणा

संभाजीराव पोकळ्यांना राग यायला एरवी कारण लागत नसे, आणि त्या दिवशी तर चांगलं धडधडीत कारण होतं. समोर बसलेली डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी, आणि ती त्यांना विचारत होती की आनंदीनं रक्त पातळ करायच्या गोळ्या खरंच घेतल्या का.

"खरंच म्हंजे?" संभाजीराव खुर्चीत पुढं सरकले. "रोज सकाळी ह्या हातानं देतो मी. धायरीत सिमेंट-वाळूचं दुकान हाय माजं, साडेआठाला उघडतं. पर तिच्या हातावर गोळी ठेवल्याबिगर मी उंबरा ओलांडत न्हाई. विचारा तिला."

बायको शेजारीच मान खाली घालून बसली होती. डॉ. तनया आपटे मूळच्या नारायण पेठेतल्या; आवाज न चढवता समोरच्याला गप्प करण्याची कला त्यांच्याकडे घरचीच होती. "काका, आपण गोळी हातावर ठेवता, हे मला पटलं," त्या म्हणाल्या. "हातावरून ती पोटात जाते का, एवढंच विचारतेय. रक्ताच्या तपासणीत काही तिचा पत्ता लागला नाही."

दीड महिन्यापूर्वी आनंदीच्या डाव्या डोळ्याची पापणी अचानक खाली आली आणि तिला एकाचे दोन दिसायला लागले. डोळ्याच्या डॉक्टरनं मेंदूच्या डॉक्टरकडं पाठवलं, तिथं फोटो निघाले, आणि कळलं की डोळ्यामागून मेंदूत जाणाऱ्या रक्तवाहिनीला एका जागी फुगा आलाय. फुटला तर माणूस हाती लागेलच असं नाही. मात्र डोकं उघडायची गरज नव्हती. मनगटातून बारीक नळी वरपर्यंत न्यायची आणि तिच्यातून विणलेल्या जाळीचा एक तुकडा रक्तवाहिनीच्या आत, फुग्याच्या तोंडावरून, बसवायचा. संभाजीरावांनी जमिनी विकल्या असल्या तरी जन्म पाटाच्या पाण्यावर गेला होता. पाटाच्या कडेला भगदाड पडलं की आडवा पत्रा लावतात, पाणी सरळ वाहतं आणि भगदाड गाळानं आपोआप बुजतं. तसंच हे, असं त्यांनी सगळ्या भावकीला समजावून सांगितलं होतं. डॉक्टरांपेक्षा बरं सांगितलं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

फक्त एक अडचण होती. नव्या जाळीवर रक्त गोठतं आणि गोठलं की अर्धांगाचा झटका येतो. म्हणून आधीपासून दोन गोळ्या, रोज, न चुकता. पहिली तारीख आनंदीला ताप आल्यामुळं पुढं गेली, पण गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या. आज दुसरी तारीख उद्यावर आली, आणि तपासणी म्हणत होती की रक्त जसं होतं तसंच आहे.

"उद्या जाळी बसवता येणार नाही," डॉ. तनया म्हणाल्या. "काही जणांना ही गोळी लागू पडत नाही. मग दुसरी, जोरकस द्यावी लागते. पण तिच्यानं रक्तस्राव व्हायची भीती जास्त. उगाच कुणी ती देत नाही, म्हणून विचारतेय."

"मग तुमची गोळीच खोटी आसंल!" संभाजीरावांनी टेबलावर हात आपटला.

"गोळी चांगली हाय," आनंदी म्हणाली. "मीच घेत न्हाई. आठ दिस झालं."

संभाजीरावांचा टेबलावरचा हात तिथंच राहिला.

"ह्ये बाहेर पडलं की तोंडातनं काढायची आन् मोहरीच्या डब्यात टाकायची," ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती, नवऱ्याकडं न बघता. "मला वाटलं, खरं औषिध ती जाळीच. गोळीचं काय, चार दिस मागंपुढं झालं तर."

संभाजीरावांना वाटलं, आता ही डॉक्टरीण आनंदीला फाडून खाणार. पण डॉ. तनयांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगितलंत, फार बरं केलंत. नाहीतर मी उगाच जोराची गोळी दिली असती. आता इथंच राहा. गोळ्या सिस्टर देतील आणि गिळेपर्यंत समोरून हलणार नाहीत. चार-पाच दिवसांनी पुन्हा रक्त तपासू. आणि हे ऐकून ठेवा: जाळी बसली की पुढं निदान सहा महिने हेच. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही."

वॉर्डात खाट मिळाली. खिडकीबाहेर रस्त्यावरचे हॉर्न चालले होते. संभाजीराव स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले. "का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

आनंदीनं ब्लाउजची बाही वर सारली. दंडावर, कोपरापाशी, मनगटावर पिवळे पडत चाललेले डाग होते. कुठं दाराची कड लागली, कुठं कळशीचा काठ. गोळ्या सुरू झाल्यापासून नुसतं बोट टेकलं तरी काळंनिळं होत होतं. संभाजीरावांनी ते पाहिले होते, आणि गोळी लागू पडतीय म्हणून खूशही झाले होते.

"यमुनाकाकूंनी बघितलं," ती म्हणाली. यमुनाबाई म्हणजे संभाजीरावांची चुलती. गल्लीच्या तोंडाशी घर आणि ओट्यावर सदाची बैठक. "शेजारच्या बारशाला गेलते. त्यांनी माजा हात हातात घेतला आन् सगळ्या बायांम्होरं म्हनल्या, सोस बाई, आमी बी सोसलं. जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई. मी म्हनलं, अवो, गोळ्यांनी झालंय. तर हसल्या. गोळीनं कुटं हात काळानिळा हुतो व्हय, म्हनल्या."

संभाजीराव ताडकन उठले. "आत्ता जातो. त्या म्हातारीला—"

"म्हनूनच सांगितलं न्हाई," आनंदी म्हणाली. "तुमी जाऊन वराडला आसता, आन् बाया म्हनल्या आसत्या, बघा, खरं हाय म्हनूनच झोंबलं. म्हनलं, चार दिस गोळी बंद ठिवू, डाग जात्याल. मग जायचंच हाय दवाखान्यात."

"मरायची पाळी आली आसती, येडे!"

"तुमचं नाव खराब हुत हुतं," ती म्हणाली.

"पर मानसं म्हन्त्यालच कशी आसं? उचलली जीभ आन् लावली टाळ्याला? मी काय कवा—"

वाक्य अर्ध्यावर थांबलं. आनंदीनं बाही खाली केली, आणि उघड्या एका डोळ्यानं ती खिडकीकडं बघत राहिली.

लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा. त्यांची लेक अपेक्षा रांगत होती. भावाच्या पोराचं बारसं होतं म्हणून आनंदी न विचारता खेड शिवापूरला माहेरी गेली, दुसऱ्या दिवशी पहाटे परत आली आणि हंडा घेऊन पाण्याला गेली. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता, भर सकाळची पाण्याची वेळ होती. संभाजीरावांनी तिथंच, आठ-दहा बायांसमोर, तिच्या कानाखाली वाजवली होती. तिच्या डोक्यावरचा हंडा पडून गडगडत गटारापर्यंत गेला होता. एकदाच. पुन्हा कधी त्यांनी हात उचलला नाही, आणि त्या एकदाबद्दल ते कधी बोललेही नाहीत. आपण विसरलो म्हणजे गल्लीही विसरली, अशी त्यांची समजूत होती. आणि ज्या माणसानं चारचौघांत हिची अब्रू घेतली, त्याची अब्रू राखायला ही बाई आठ दिवस मरण उशाशी घेऊन झोपत होती.

बोलायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं सुद्धा. सिमेंटच्या गोणीवरून दिवसातून वीस जणांशी भांडणारा माणूस. पण त्या दोन शब्दांना त्यांची जीभ सरावलेली नव्हती. "च्या घेतीस का?" ते म्हणाले.

"घ्या," आनंदी म्हणाली. "अर्धा-अर्धा."

पाचव्या दिवशी रक्त हवं तसं झालं आणि सहाव्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. दाराशी स्ट्रेचर क्षणभर थांबलं. संभाजीरावांनी तिच्या पायांवरची चादर नीट केली, पुन्हा नीट केली, आणि तेवढ्यात दार लागलं.

पुढचे अडीच तास त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. वाघोलीहून आलेली अपेक्षा शेजारी बसून पाणी देत होती, ते घेत नव्हते. आत ती गेली आणि आपण चादर सारखी करत बसलो, हेच डोक्यात फिरत होतं. ती आलीच नाही बाहेर, तर ते दोन शब्द सांगायचे कुणाला? फोटोला? देवाला त्यांनी नवस बोलला नाही. आपण कुठल्या तोंडानं मागायचं, असं त्यांना वाटलं.

डॉ. तनया मास्क खाली ओढत आल्या. "जाळी व्यवस्थित बसली, काका. फुग्यात जाणारं रक्त आताच मंदावलंय. तो बुजायला काही महिने लागतील, पापणीही हळूहळू उचलेल. काकू शुद्धीवर आहेत. आजची गोळी आपणच देणार ना, असं त्यांनी विचारायला सांगितलंय." त्या हसल्या. संभाजीराव लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून, सगळ्या लोकांसमोर, हुंदके देऊन रडले.

तीन दिवसांनी घरी सोडलं. मनगटातून नळी घातली होती, तिथून कोपरापर्यंत आनंदीचा हात जांभळाकाळा झाला होता. तो काही दिवसांत जाईल आणि सहा महिने असे डाग उठतच राहतील, असं सांगितलं होतं. गल्लीत खोदाई चालू असल्यामुळं रिक्षा तोंडाशीच थांबली. ओट्यावर यमुनाबाई आणि चार बाया लसूण सोलत होत्या. आनंदीनं उतरता उतरता हात पदराखाली घेतला.

एरवी संभाजीराव बायकोच्या चार पावलं पुढं चालत. आज ते तिच्याबरोबर उभे राहिले, आणि त्यांनी तिचा हात पदरातून बाहेर काढून आपल्या हातात धरला.

"काकू," ते म्हणाले, आणि लसूण सोलणारे हात थांबले. "ह्यो हात दवाखान्यात काळा पडलाय. म्हागं डाग हुतं ते गोळ्यांचं. तुमच्या बोलण्यापायी हिनं गोळ्या बंद केल्या आन् मरता मरता वाचली."

यमुनाबाईंचा चेहरा पडला. "आता आमाला काय ठावं, बाबा—"

"थांबा, झालं न्हाई माजं. दोष तुमचा बी न्हाई." संभाजीरावांनी आवाज मोठाच ठेवला. "मी हिला मारलं हुतं. हितंच, नळावर, तुमच्या सगळ्यांम्होरं. म्हनून तुमाला तसं वाटलं. ती माजी चूक हुती. लई मोठी चूक. पंचवीस वर्सं झाली, मी हिची माफी मागितली न्हाई. आज मागतो."

आनंदी खाली बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून, उघड्या आणि मिटलेल्या दोन्ही डोळ्यांतून, पाणी वाहत होतं.

"सत्तावीस," ती हळूच म्हणाली. "येत्या चैतात सत्तावीस हुत्याल."

संभाजीरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग ओट्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "सत्तावीस."