मामीचं कच्चं

मामाचं आणि माझं भांडण एकच, डिस्कचं. आमच्या ग्रंथालयात अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. तिथला सर्व्हर मामा सांभाळतो आणि मामाला मी. सर्व्हरमध्ये डिस्क दोन. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी अडत नाही. ही जोडी राखायला मामाने सर्किटचं वेगळं कार्ड बसवलं होतं.

"कार्डाला स्वतःचं डोकं असतं," तो म्हणायचा.

"आणि तेच मेलं तर? तसंच दुसरं शोधत फिर गावभर! हेच काम सॉफ्टवेअर करतं. मशीन बदललं तरी डिस्क लावायच्या की झालं."

"तुझं सॉफ्टवेअर म्हणजे बाकीची कामं उरकून वेळ मिळाला तर पहारा देणार." हे वाक्य त्याने मला शंभरदा ऐकवलंय आणि दरवेळी स्वतःच खूश झालाय.

मागच्या आठवड्यात तो अचानक कबूल झाला. "कर तुझ्या मनासारखं. फक्त घाई करू नकोस." मला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी तयार पुस्तकं एका सुट्या डिस्कवर उतरवून घेतली. 'कच्चं' नावाचा भलामोठा फोल्डर तीत मावेना, तेव्हा म्हटलं, पुस्तकं तयार असताना हे कोणाला हवंय? कार्ड काढलं, दोन्ही डिस्क पुसल्या, सॉफ्टवेअरने नवी जोडी लावली, पुस्तकं परत भरली आणि ऐटीत घरी गेले.

सकाळी मामा हेडफोन घालून बसला. "कच्चं कुठंय गं?"

"पुसलं," मी म्हटलं. "पुस्तकं तर तयार आहेत ना."

मामी वीस वर्षं इथे वाचायची आणि मामा काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करायचा. मग तिचं अडखळणं, खोकणं, मध्येच बोलणं कापून टाकायचा. तयार पुस्तकांत मामी वाचते. कच्च्यात ती मामाशी बोलते. तिला जाऊन तीन वर्षं झाली, आणि मामा रोज सकाळी काय ऐकतो हे मी कधी विचारलंही नव्हतं.

"दोन्हींवरून पुसलंस?"

मी मान डोलावली. आरशासमोर तोंडाला काळं फासलं तर आरशातलंही काळंच दिसणार. तिथे कार्ड काय आणि सॉफ्टवेअर काय.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "रडू नको गं," तो म्हणाला. "वेगळी प्रत मीच काढायला हवी होती. दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहिलो." माझ्या डोक्यावर त्याने टप्पल मारली, आणि एकदम उठला. "थांब. ती हाकललेली?"

दोन महिन्यांपूर्वी कार्डाने एक डिस्क खराब ठरवून बाद केली होती. तिला उत्तर द्यायला उशीर व्हायचा आणि कार्डाला तेवढा धीर नव्हता. आम्ही तिच्या जागी नवी लावली. जुनी टाकून द्यायची होती, पण मामाच्या हातून तुटकी वायरसुद्धा टाकली जात नाही. खणात, स्क्रूंच्या डब्याखाली सापडली.

ती मी माझ्या मशीनला जोडली आणि या कार्डाने लिहिलेलंही वाचू शकणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगितलं, लागेल तेवढा वेळ लागू दे. डिस्क कुरकुरली, थबकली, पुन्हा कुरकुरली. जन्मात पहिल्यांदा मीही काही न दाबता बसून राहिले.

"तुझ्या कार्डाने उतावीळपणे हाकललं म्हणून उरलं," दुपारी मी म्हटलं.

"आणि तुझ्या सॉफ्टवेअरला धीर आहे म्हणून मिळतंय. तू नाही का शिकायचं त्याच्याकडून?"

चारच्या सुमाराला पहिली फाइल उघडली. मलाही ऐकू यावं म्हणून मामाने स्पीकर लावला. मामीने एक ओळ वाचली, तिची जीभ वळेना, ती हसत सुटली. "अहो, एवढं कापा हं," ती म्हणाली.

"नाही कापत," मामा म्हणाला.