हत्तीच्या धड्यातलं दूध

“हत्ती तळ्यात उतरला. मासे बाजूला झाले. विद्या, दूध उतूं गेलं गे! हत्तीनं सोंडेत पाणी भरलं...”

विद्यालक्ष्मीच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. तिसरीतली सौम्या पुस्तक धरून उभी होती आणि खणखणीत आवाजात, कुठंही न अडखळता धडा वाचत होती. शाळा नुकती सुरळीत सुरू झाली होती, म्हणून उजळणीला पहिलीचं पुस्तक काढलेलं. पुस्तक तमिळ, पोर तमिळ, चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतली ती सगळी शाळाच तमिळ. मधलं ते एक वाक्य मात्र मराठी होतं, तंजावरी घरातलं मराठी, आणि ते विद्यालक्ष्मीच्या सासूचं होतं. शेवटचा ‘गे’ लांबवायची ढबसुद्धा तिचीच.

सासू, त्रिपुरसुंदरीबाई, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. इस्पितळात नेलं ते नेलंच, तोंडही नीट बघायला मिळालं नाही.

शाळेला कुलूप होतं तेव्हा विद्यालक्ष्मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पहिलीचे धडे वाचायची आणि तो आवाज पालकांच्या फोनवर पाठवायची. चित्र बघायला बहुतेकांकडे चांगला फोन नव्हता, आवाज तरी पोचेल एवढाच विचार. सौम्याची आई रंजनी एका मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजच्या, मेसमध्ये इडल्या लावायची. ती घरी आली की फोन पोरीच्या हाती यायचा, आणि पोर तो कानाला लावून ऐकत राहायची. अक्षर कुणी दाखवलं नाही. धडे तेवढे पाठ झाले, दुधासकट आणि सासूसकट.

विद्यालक्ष्मीनं फळ्यावर ‘अम्मा’ लिहिलं. “हे वाच, कन्ना,” ती लाडानं म्हणाली.

सौम्यानं फळ्याकडे मन लावून पाहिलं. “हत्ती तळ्यात उतरला,” ती म्हणाली.

मधल्या सुट्टीत विद्यालक्ष्मी तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेली. सुधींद्रराव तंजावरकडचेच, लग्नामुंजीत ती त्यांना मामा म्हणायची. चारचौघांना कळू नये असं काही असलं की राव तमिळ सोडून घरच्या भाषेत शिरायचे. आताही त्यांनी आधी दार लोटलं.

“तिला एक अक्षर वाचाया येत नाहीं, राव. आणि ती एकटी नाहीं, अर्धा वर्ग तसाच आहे. उद्या तपासणीला ऑफिसर येतात नव्हे, त्यांना सांगा. सकाळचा जास्तीचा तास द्या म्हणावं, एक टीचर द्या.”

“पोरीला धडा पाठ आहे कीं नाहीं?”

“पाठ आहे.”

“मग झालं. उद्या तीच उभी राहील. तो धडा झाला कीं पुस्तक बंद.” रावांनी चष्मा पुसला. “जास्तीचा तास घेतला तर गल्लीभर होईल, ह्या शाळेंत मठ्ठ पोरं. पुढल्या वर्षीं कोण घालील मुलं इथं? शाळाच नाहीं राहिली तर तूं कोणाला शिकवशील?”

मठ्ठ पोरं! विद्यालक्ष्मीच्या कानशिलातून जाळ निघाला. ज्यांनी दोन वर्षं या लेकरांच्या तोंडावर दार लावलं, परीक्षेचं नावही न काढता वरच्या वर्गात ढकलून दिलं, ते सगळे हुशार, आणि मठ्ठ कोण, तर ही सात-आठ वर्षांची पोरं. त्या बंद दिवसांत राव एकदा तरी कुणाच्या घरी डोकावले होते का? पण ती दार उघडून वर्गाकडे वळली. मोठ्यांपुढं आवाज चढवायचा नाही, हे वळण तिला त्रिपुरसुंदरीबाईंनीच लावलेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसर आले. सौम्याच्या वेणीत रंजनीनं मोगरा माळला होता. पोरगी उभी राहिली आणि तिनं धडा धडाधडा म्हटला. दुधापाशी ऑफिसरांच्या भुवया वर गेल्या.

“मधे काय म्हणाली ही?”

“लहान आहे सर, घरातलं काहीतरी मिसळतं,” राव हसून म्हणाले.

“पण वाचन फार छान. या वर्गाला जास्तीच्या तासाची काही गरज दिसत नाही.” ऑफिसरांनी टाळ्या वाजवल्या. वर्गानंही वाजवल्या. सौम्या अंगभर हसली. त्या हसण्याकडे बघवेना. पुढच्या वर्षी ही चौथीत, मग पाचवीत, आणि असंच कुठल्यातरी हत्तीवर बसवून हिला दाराबाहेर सोडतील.

“सौम्या, सरांना पाणी घेऊन ये जा,” विद्यालक्ष्मी म्हणाली. पोर दाराबाहेर गेल्यावर ती पुढं झाली.

रावांनी काय ते ओळखलं. दात न उघडता ते मराठीत म्हणाले, “विद्या, चुम्मा बैस, गप. घरचं बोलणं घरांत.”

त्यांच्या मराठीला मराठीतच उत्तर द्यायचं, ही तिची सवय. आज तिनं तमिळमध्ये उत्तर दिलं, व्हरांड्यात थांबलेल्या पोरांच्या आयांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

“नाही बसणार, सर. ऑफिसर सर, तिनं वाचलं नाही. ते मधलं वाक्य माझ्या सासूबाईंचं आहे. मी धडा फोनवर पाठवत होते, मागे दूध उतू गेलं, त्या ओरडल्या. या पोरीनं तेही धडा म्हणून पाठ केलं. तिचा काय दोष? तिला दुसरं पान वाचायला लावून लाजवू नका, मला विचारा. हिला अक्षर येत नाही, हिच्या शेजारणीला येत नाही. आणि तुम्ही टाळ्या वाजवताय!”

ऑफिसर रावांकडे बघत राहिले. सौम्या पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून दारात आली, आणि तो कुणी घेईना म्हणून तशीच उभी राहिली.

तास मिळाला. टीचर मिळाली नाही. “हौस आहे, तर तूंच घे,” राव म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी तिच्याशी घरची भाषा बोलणं सोडलं.

आता विद्यालक्ष्मी शाळा भरायच्या आधी येते. पोरं जांभया देत भोवती बसतात, एकेका अक्षरावर बोट ठेवतात. एकदा सौम्यानं विचारलं, “मिस, ते दुधाचं कुठं लिहिलंय?”

“ते पुस्तकात नाही, कन्ना. ते सोडून द्यायचं.”

विद्यालक्ष्मीचा तेव्हाचा फोन कधीच बिघडून गेला होता, रंजनीचाही. त्रिपुरसुंदरीबाईंचा आवाज आता सौम्याच्या तोंडाखेरीज दुसरीकडे कुठंच नव्हता.

त्या सकाळी सौम्यानं पुन्हा हत्तीचं पान उघडलं. बोट अक्षराखाली सरकत होतं, ओठ दुमडले जात होते. “मा... से. बा... जू... ला. झा... ले.”

बोट थांबलं. सौम्यानं वर मिसकडे पाहिलं. विद्यालक्ष्मीचा जीव कानात गोळा झाला.

सौम्यानं पुन्हा पुस्तकात मान घातली आणि बोट पुढच्या अक्षरावर नेलं.

“ह... त्ती... नं.”

“शाबास,” विद्यालक्ष्मी म्हणाली. “पुढं वाच.”